दहाव्याची बिडी

कावळा काही शिवेना. तळ्याच्या काठावर सुदामच्या दहाव्याचे पिंड मांडून बराच वेळ झाला होता, ऊन डोक्यावर आलं होतं आणि बाभळीवरचे कावळे खाली जमलेल्या माणसांकडं निवांत बघत होते. चाकूरचे सोयरे घड्याळाकडं बघायला लागले. जीव कशात तरी अडकलाय म्हणून एकेकजण पिंडापुढं जाऊन शब्द देऊन आला. बायकोला अंतर देणार नाही हे झालं, पोरीला शिकवू हे झालं, त्याच्या आवडीची जिलेबीही ठेवून झाली. कावळे ढिम्म हलले नाहीत.

मग अर्जुनराव उठले. हे सुदामच्या आईचे, लक्ष्मीबाईचे, धाकटे दीर. कुठल्याही कार्यात शेवटचा शब्द आपलाच असावा, अशी त्यांना जन्माची हौस.

"बिडी ठिवा," ते म्हणाले. "दवाखान्यात पोराला एक झुरका मिळाला न्हाई. त्यातच जीव गुतलाय त्याचा. बालाजी, तू पेटव, एक झुरका वढ अन् ठिव भावापुढं."

बालाजी लक्ष्मीबाईचा धाकटा लेक, आणि आता एकुलता. त्याला बंडल शोधावं लागलं नाही, ते त्याच्या खिशातच होतं. बायकांत बसलेल्या लक्ष्मीबाईनं ते बघितलं.

सुदामच्या आजाराचं मूळ लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी शोधून काढलं होतं. फुफ्फुसांची राखण करणारं एक द्रव्य माणसाच्या रक्तात असतं, ते सुदामच्या रक्तात जन्मापासूनच फार कमी. आई आणि बाप, दोघांकडून आलेलं. मग बाकीच्या दोन्ही भावंडांचं रक्त तपासलं, तर त्यांचंही तसंच निघालं. "मावशी, शेताला राखणदार नाही असं समजा," बाई म्हणाल्या होत्या. "राखणदार नाही म्हणून पीक जातंच असं नाही. पण आपणच कुंपण मोडून रानडुकरं आत सोडली तर काय उरणार? धूर म्हणजे ती डुकरं."

इतकं सोपं करून सांगितलं होतं. पण घरच्यांनी त्यातलं 'जन्मापासून' तेवढंच उचललं. रक्तातच आहे म्हटल्यावर बिडी बिचारी निर्दोष सुटली. "आमच्या घराण्याचा दमाच हाय त्यो," असं अर्जुनराव पारावर बसून, झुरके घेत घेत, सगळ्यांना सांगायचे. त्यांची स्वतःची छाती अजून ठणठणीत होती, त्यामुळं उपदेशाला भलता जोर यायचा. बालाजीनं तर रिपोर्ट आल्यापासून ओढणं वाढवलं. जायचंच आहे तर हौस मारून कशाला जायचं, असा त्याचा हिशेब. थोरली लेक बबिता नांदेडला दिलेली. तिचंही रक्त हेच, पण ती धुराच्या वाऱ्याला उभी राहिली नाही, आणि आजही जिना चढताना तिची बडबड थांबत नाही. ते मात्र कुणाच्या नजरेला पडत नव्हतं.

बालाजीनं काडी ओढली, बिडी पेटवली, झुरका घेतला आणि खोकला. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून खोकला. खोकला थांबल्यावर छातीतून बारीक शीळ वाजली. ती शीळ लक्ष्मीबाईच्या ओळखीची होती. आधी नवऱ्याच्या छातीत ऐकली, मग सुदामच्या.

आणि तिला नवऱ्याचा दहावा आठवला. ह्याच काठावर, ह्याच बाभळीखाली. तेव्हाही अर्जुनरावांनीच बिडी ठेवायला लावली होती. कावळा लगेच शिवला, सगळ्यांनी समाधानानं हात जोडले. उरलेलं बंडल बापाची आठवण म्हणून सुदामनं आपल्या खिशात घातलं होतं.

लक्ष्मीबाई उठली. पदर खोचून सरळ पिंडापाशी गेली, बालाजीच्या हातातली बिडी काढून घेतली आणि तांब्यातल्या पाण्यात बुडवली.

"वैनी, हे काय करायलाव?" अर्जुनराव पुढं सरसावले.

"बिडी न्हाई ठिवायची."

"अवो, पोराचा आत्मा अडकून पडंल."

"पडू द्या. जित्या पोराचा श्वास अडकायलाय, त्याचं बघा आधी." मग ती पिंडाकडं वळली. तिनं आवाज खाली येऊ दिला नाही. "सुदामा, तुला बिडी मिळणार न्हाई. रुसायचं तर रूस मायवर. म्या मेल्यावर भांड. तुझ्या बापाला दिली ती तुझ्या खिशात गेली. तुझी आता ह्याच्या खिशात जाऊ देणार न्हाई."

"रक्तातच हाय त्याला बिडी काय करंल, वैनी?"

"रक्त म्या दिलंय, भावजी. आरधं तुमच्या भावानं अन् आरधं म्या. ते देताना मला कुणी इचारलं नव्हतं. बंडल थांबवणं मातर माझ्या हातात हाय." तिनं बालाजीपुढं हात पसरला. "दे."

बालाजीनं काकांकडं बघितलं, मग आईकडं. ती हात मागं घेईना. त्यानं खिशातलं बंडल काढून तिच्या हातावर ठेवलं, वर काडीपेटीही ठेवली. लक्ष्मीबाईनं बंडलाचा दोरा सोडला, बिड्या चुरगाळून तळ्याकाठच्या चिखलात पायानं तुडवल्या.

"मग कावळ्याचं काय?" चाकूरच्या सोयऱ्यांनी विचारलं.

"दर्भाचा करा," ती म्हणाली. गुरुजींना उदगीरला दुसरा विधी होता, त्यांनी आनंदानं दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. बाभळीवरच्या कावळ्यांकडं तिनं परत मान वर करून बघितलं नाही. पोटचं पोर असं उपाशी वाटेला लावल्याचं दुःख तिला झालं, फार झालं. पण पश्चात्ताप झाला नाही.

माणसं बांध चढून गावाकडं निघाली. अर्ध्या चढावर बालाजी थांबला, दम घ्यायला लागला. शीळ अजून वाजत होती. लक्ष्मीबाई त्याच्याशेजारी थांबली.

"माय, सुटंल का गं माझी बिडी?" त्यानं हळूच विचारलं.

"न सुटायला काय झालं? म्या हाय की."

तेवढ्यात मागून धूर आला. अर्जुनरावांनी सवयीनं बिडी शिलगावली होती. ती वळली.

"भावजी, ती इझवा. न्हाईतर तिथंच थांबा. माझं पोर पुढं गेल्यावर या."

अर्जुनरावांनी आजूबाजूला बघितलं. माणसं पुढं चालत राहिली. ते बांधावर थांबले, आणि बालाजी पुढं गेला.