कोटामागचं लेबल

अख्ख्या नात्यागोत्यात त्याला मिथेनकाका म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. यावरूनच माणूस ओळखा. खूप वर, हवा विरळ आणि गारठलेली असते तिथे, हायड्रॉक्सिल नावाचा एक उपद्व्यापी कण मिथेनला फोडतो आणि शेवटी त्यातून पाण्याची वाफ होते. थंडीत हे काम फार मंदावतं, असं सगळे धरून चालले होते. तितकं नाही मंदावत, असा आकडा याने तिशीत प्रयोगशाळेत काढला आणि पुढची सव्वीस वर्षं त्या एकाच आकड्यावर मिरवला. कुणी हवेचा विषय काढायचा अवकाश, की स्वारी सुरू. बायको तर मीठ मागतानासुद्धा जपून बोलायची.

त्या प्रयोगातल्या मिथेनचा रिकामा सिलिंडर त्याने आठवण म्हणून विद्यापीठातल्या आपल्या खोलीत ठेवला होता. बघायला कुणीच येईना, तेव्हा त्यावर कोट टांगू लागला.

त्या दिवशी त्याची विद्यार्थिनी पीएचडी सोडण्याचा अर्ज घेऊन आली. तीन वर्षं ती तेच मोजत होती आणि थंडीत तिचा आकडा दर वेळी त्याच्यापेक्षा कमी यायचा. दर वेळी तो मोठेपणाने सांगायचा, हात बसू दे. आता तिला फक्त सही हवी होती.

पेन कोटाच्या खिशात होतं. त्याने कोट उचलला आणि मागचं सिलिंडरवरचं लेबल दिसलं. मिथेन साडेनव्व्याण्णव टक्के, बाकी इथेन. हायड्रॉक्सिल इथेनवर मिथेनच्या कितीतरी पट वेगाने तुटून पडतो, थंडीत तर हा फरक आणखी वाढतो. त्या अर्ध्या टक्क्याने त्याचा आकडा फुगवला होता. गॅस शुद्ध करायला आठवडा लागला असता, आणि या साहेबांना तेव्हा घाई होती. शाब्बास रे पठ्ठ्या.

कोट परत टांगला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. हा विचार त्याने केला, चांगलं अर्धं मिनिट केला.

"तुझा आकडा बरोबर आहे," तो म्हणाला. "माझा चुकला. गॅसच भेसळीचा होता."

आता मला इथेनकाका म्हणा, हा विनोदही त्याने जुळवून ठेवला होता. पण ती लेबल वाचून खुर्चीत बसली.

"तीन वर्षं मला वाटत होतं, सर, माझेच हात वाईट आहेत."

विनोद घशातच राहिला. आज जे गेलं ते आपलं गेलं, अशा समजुतीत होता बिचारा. त्याने तिचा अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर, त्याचा आकडा छापणाऱ्या मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीत तिचं नाव लिहिलं.