एकच कपाट

फाइलच्या चिन्हाच्या कोपऱ्यात आधी दोन निळे बाण एकमेकांच्या मागे फिरत राहतात. फाइल क्लाउडवर पोचली की बाण जातात आणि बारीकशी हिरवी खूण उमटते. साध्या तक्त्याला एक क्षण पुरतो, आलेख वेळ खातात. आठवडाभर ती या खुणा उमटताना पाहत होती. पाणी तपासायची ही छोटी प्रयोगशाळा वडिलांनी उभी केली. आता ती दादाची आहे, आणि पाणी तपासते ती. सगळ्यांच्या फाइली एका जागी आणायचं कामही साहजिकच तिच्याकडेच आलं होतं.

आज सकाळी संगणक उघडला तर ‘पद्धती’ हे फोल्डर जागेवर नव्हतं. कुठल्या पाण्यात कुठलं रसायन दगा देतं, कोणतं यंत्र थंडीत खोटं बोलतं, अशी तिची इतक्या वर्षांची टिपणं त्यात होती.

“दादा, पद्धतींना हात लावलास का?”

“माझ्या मशीनमध्ये जागाच उरली नव्हती गं. तुझं तुझ्याकडे असेल म्हणून माझ्याकडचं काढून टाकलं.”

“आता तुझ्याकडचं-माझ्याकडचं असं काही नाही. कपाट एकच आहे. तू तुझ्या बाजूनं काढलंस की सगळ्यांचंच जातं.”

“मग तसं सांगायचं ना.”

“सोमवारी सांगितलं होतं. तू मान डोलावलीस.”

“हे सगळ्यालाच मान डोलावतात, वन्सं,” बिलांवरची नजर न काढता वहिनी म्हणाली. “मला बघायला आले तेव्हाही अशीच डोलावली होती. नंतर कळलं, ऐकूच गेलं नव्हतं.”

दादा हसला. तिने क्लाउडची कचरापेटी उघडली. फोल्डर तिथे होतं. तिने ते परत जागेवर पाठवलं. निळे बाण फिरू लागले.

परवा तिच्या कॉलेजातल्या बाईंचा फोन आला होता. त्यांच्या संशोधन प्रयोगशाळेत एक जागा निघाली होती. “येतेस का? या वेळी तरी?” या वेळी तरी, कारण पूर्वीही त्यांनी एकदा विचारलं होतं. तेव्हा बाबा नुकतेच गेले होते. “तू गेलीस तर इथलं सगळं ठप्प होईल,” असं दादा म्हणाला, आणि तिचा ऊर भरून आला. त्या एका वाक्यावर तिने उमेदीची वर्षं काढली. दारावरच्या पाटीवर आपलंही नाव असावं असं ती म्हणाली, तेव्हा दादाने तेच वाक्य तिच्या हातावर ठेवलं. लांबची रजा मागितली, तेव्हाही तेच. पाटी होती तशीच राहिली.

बाईंना ती “बघते” म्हणाली होती. बघण्यासारखं काय उरलं होतं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आलं का परत?” दादा चहाचा कप घेऊन तिच्या मागे येऊन उभा राहिला.

“येतंय.”

“छान लिहिलंयस हं. काल तू बाहेर होतीस तेव्हा मी ते वाचून क्षारांची चाचणी केली. जमली की! तुला फोनसुद्धा करावा लागला नाही.” त्याने चहाचा घोट घेतला. “काम चोख झालं. आता तू नसलीस तरी काही अडायचं नाही.”

हे तो कौतुकाने म्हणाला. आवाजात मेख असती तर तिला भांडता आलं असतं. पण दादा खरंच खूश होता.

वहिनीचा हात बिलांवर थांबला. तिने पहिल्यांदा मान वर केली आणि नवऱ्याकडे नाही, नणंदेकडे पाहिलं.

पडद्यावर एकेका फाइलवर हिरवी खूण येत गेली. शेवटचा मोठा आलेख रेंगाळला. तीही खुर्चीवर तशीच बसून राहिली, हात मांडीवर ठेवून. मग तिथेही खूण उमटली.

“मग मी जाते, दादा,” ती म्हणाली. “बाईंना आजच हो कळवते.”