पास व्हायचं नसलेला माणूस

डोळे तपासायला येणारी माणसं खोटं बोलतात. दुखणं फुगवून सांगणारे डॉक्टरांकडे जातात, आणि दिसत नसलेलं दिसतंय म्हणणारे ताईंच्या चष्म्याच्या दुकानात येतात. नंबर काढायच्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांना वाटायला लागतं, ही परीक्षा आहे आणि आपल्याला पास व्हायचंय. मग ते डोळे बारीक करतात, मान पुढे काढतात, अंदाज ठोकून देतात, आणि खोट्या उत्तरांवर बेतलेला चष्मा घालून थोड्याच दिवसांत डोकं दुखतं म्हणून भांडायला येतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर बाकावर वाट बघता बघता आतल्या गिऱ्हाइकांचं ऐकून अख्खा तक्ता पाठ केला होता. त्यांची पाळी आली तेव्हा तक्त्यामागचा दिवा लावायचा राहून गेला होता, तरी त्यांनी अंधारात शेवटची ओळ खडाखडा म्हणून दाखवली. ताईंनी दिवा लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

ताईंना या सगळ्याचा मनापासून राग यायचा. डोळे ज्याचे त्याचे, चष्मा ज्याचा त्याचा, मग फसवायचं कोणाला? स्वतः ताई अगदी नाकासमोर चालणाऱ्या. चप्पल घ्यायची तरी आधी गरज, मग टिकाऊपणा, मग रंग, आणि रंगापर्यंत पोचेतो बहुधा चपलांचं दुकान बंद व्हायची वेळ झालेली असायची. चाळिशी उलटली तरी त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्यालाही त्यांच्याकडे कारणं होती आणि ती खरी होती. आतल्या खोलीत मशिनवर काचा घासणारा त्यांचा थोरला भाऊ, दादा, त्यांना ‘न्यायमूर्ती’ म्हणायचा. बाकी सगळं गाव, अगदी वडिलांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा, त्यांना ‘ताई’ म्हणायचं.

आणि आता न्यायमूर्तींसमोर त्यांचाच खटला उभा राहिला होता. दुकानाला फ्रेमा पुरवणारे व्यापारी, ज्यांना बहीणभाऊ नुसतं ‘फ्रेमवाले’ म्हणत, त्यांनी ताईंना मागणी घातली होती. तीही कशी, तर नव्या फ्रेमांचा ट्रे काउंटरवर मांडता मांडता.

“मी विचार केला,” फ्रेमवाले म्हणाले. “तुमचा-माझा धंदा एक. माझं घर मोठं आहे आणि त्यात मी एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, तिचा मान राखूनच बोलतोय. गोंगाट तुम्हालाही आवडत नाही, मलाही नाही. मी घोरत नाही, निदान तशी तक्रार आलेली नाही. तुम्हीही विचार करा. घाई नाही, शनिवारी फोन केलात तरी चालेल.”

ताईंनी विचार केला. उलटसुलट, सगळ्या बाजूंनी केला. एकही मुद्दा खोडता येईना. माणूस सज्जन, शब्दाचा पक्का, बोलण्यात आडपडदा नाही. होकार द्यायचा हे सोमवारीच ठरलं आणि ताईंना हायसं वाटलं. हायसंच वाटलं, दुसरं काही वाटलं नाही. पण त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

त्याच आठवड्यात दुकानाची पाटी नव्याने रंगवायला काढली होती. जुनी इतकी उडाली होती की चष्म्याच्या दुकानाचं नाव वाचायलाच चष्मा लागतो, असं दादा म्हणायचा. पाटी रंगवायला आलेला पेंटर ताईंच्याच वयाचा होता, उंच, कानामागे ब्रश खोचलेला, शिडीवर उभा राहून स्वतःशीच शीळ घालणारा. ताईंना पाटीला दोनच रंग हवे होते, लांबून वाचता येतील असे. त्याने तिसरा सुचवला, अक्षरांच्या कडेने केसाएवढी बारीक पिवळी रेघ.

“ती कशासाठी?” ताईंनी विचारलं.

“छान दिसेल म्हणून.”

ताईंच्या लेखी हे काही कारण नव्हतं, तरी पिवळी रेघ पाटीवर आली.

मंगळवारी दुपारी तो शिडीवरून उतरून हात पुसत आत आला. “डॉक्टर, मला हल्ली नीट दिसत नाही.”

“मी डॉक्टर नाही. मी नुसता नंबर काढते. मला सगळे ताई म्हणतात.”

“हो, ऐकलंय मी,” तो म्हणाला आणि खुर्चीत जाऊन बसला.

ताईंची पद्धत अशी, की आधी बारीक दिव्याने डोळ्यात पाहायचं. नंबर त्यातच कळतो, पुढची विचारपूस फक्त खात्री करून घेण्यासाठी. त्यांनी वाकून त्याच्या उजव्या डोळ्यात पाहिलं, मग डाव्या डोळ्यात पाहिलं. नंबर नव्हता. शिडीवर डगमगत उभं राहून केसाएवढी रेघ ओढणाऱ्याला तो असणार तरी कसा? तरीही नियम तो नियम. त्यांनी तक्ता लावला आणि सगळ्यात वरच्या, बशीएवढ्या अक्षराकडे बोट केलं.

त्याने बराच विचार केला. “क्ष?”

तिथे ट होता. आता हे बघा, ज्याला खरंच धूसर दिसतं तो घ ला ध म्हणतो, भ ला म म्हणतो, फार तर ट ला ठ म्हणतो. ट ला क्ष म्हणायचं तर तो ट आहे हे आधी स्वच्छ दिसावं लागतं. इतक्या वर्षांत नापास व्हायची धडपड करणारा हा पहिलाच माणूस ताईंना भेटला होता. त्यांनी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की डोळे ठणठणीत आहेत, उठा आणि कामाला लागा.

त्याऐवजी त्यांच्या तोंडून निघालं, “आज उजेड जरा विचित्र आहे. उद्या पुन्हा बघू.”

तपासणीच्या खोलीला खिडकी नव्हती. उजेड रोज तोच असायचा.

बुधवारी ताई म्हणाल्या, उन्हात काम करून डोळ्यांना थकवा आला असेल. गुरुवारी म्हणाल्या, खुर्ची थोडी मागे घेऊन बघायला हवं. कारणांचं काय, हाक मारली की धावत येतात. त्या दिवशी त्यांनी ठेवणीतला निळा कुडता घातला होता, तोही बाकीचे धुवायला पडले होते म्हणून. तपासणी थोडी व्हायची आणि गप्पाच जास्त. पेंटर सांगायचा की अक्षरांनाही स्वभाव असतो, काही उगाच मान वर करून बसतात आणि काही बिचारी कोपऱ्यात सामावून घेतात. ताईंना हे निव्वळ खुळचट वाटायचं. त्या जेवताना आठवून हसायच्या आणि ठसका लागायचा.

गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करताना दादाने विषय काढला.

“न्यायमूर्ती, ज्याला नंबरच नाही त्याचे डोळे किती दिवस तपासणार?”

“खात्री करून घेतेय.”

“कशाची?”

ताईंनी काउंटर पुसायला घेतला. तो आधीच पुसलेला होता.

“खुर्चीतल्या माणसाला तू विचारतेस, ही काच बरी की ती बरी,” दादा म्हणाला. “आणि तो विचार करत बसला की त्याच्यावर खेकसतेस, विचार करू नका, बरं वाटतं ते पटकन सांगा.”

“ते काचांचं आहे, दादा.”

“मग मी कशाचं बोलतोय? आणि अजून एक. सगळं गाव तुला ताई म्हणतं. त्याची जीभ रेटत नाही, हे लक्षात आलंय का तुझ्या?”

लक्षात आलं होतं. मंगळवारपासून आलं होतं. पण शनिवार तोंडावर आला होता आणि फ्रेमवाल्यांचे मुद्दे जिथल्या तिथे पक्के उभे होते. पेंटरच्या बाजूने मुद्दा म्हणावा असा एकही नव्हता. मोठं घर नाही, बेताची मिळकत, आज या गावात तर उद्या त्या गावात काम, शिवाय माणूस धडधडीत खोटं बोलत होता. त्या रात्री ताई स्वतःवर चांगल्याच चिडल्या. रोज दुकानात येणाऱ्या त्या खोटारड्यांमध्ये आणि आपल्यात फरक काय राहिला, हे त्यांना स्वतःला विचारावं लागलं, आणि उत्तर काही त्यांना आवडलं नाही.

शुक्रवारी पाटी पुरी झाली. शिडी आडवी करून भिंतीशी ठेवली होती. आज खरं काय ते सांगून मोकळं व्हायचं असं ठरवून ताईंनी त्याला शेवटचं बोलावलं. पण तो खुर्चीत बसला आणि त्यांना पुन्हा धीर होईना. तेवढाच वेळ जावा म्हणून त्यांनी कपाटातून दुसरा तक्ता काढला आणि लावला.

पहिली ओळ त्याला दिसली नाही. दुसरीही नाही. हळूहळू खाली उतरत ताई शेवटच्या ओळीवर आल्या, मुंगीएवढ्या अक्षरांच्या, जी धडधाकट माणसालाही सहसा वाचता येत नाही.

“आणि ही?”

“तिथे तर नुसतं पांढरं दिसतंय, डॉक्टर.”

“बरं,” ताई म्हणाल्या. आता बोलायलाच हवं होतं. त्या शब्द जुळवत उभ्या राहिल्या आणि इकडे पेंटर खुर्चीत चुळबुळ करायला लागला. त्याने नजर छताकडे वळवली, परत तक्त्याकडे आणली, परत छताकडे नेली.

“काय होतंय?”

“काही नाही.” मग त्याला अगदीच राहवेना. “तो शेवटच्या ओळीतला ब कोणी काढलाय हो? बाकीचे सगळे कसे ताठ उभे आहेत आणि त्याचं एकट्याचं पोट लोंबतंय. बघवत नाही मला.”

ताईंनी वळून तो ब नीट पाहिला.

“मी काढलाय,” ताई म्हणाल्या. “शिकत होते तेव्हा. हा सगळा तक्ता माझ्याच हातचा आहे.”

पेंटर कानापर्यंत लाल झाला. आपण काय बोलून बसलो हे आत्ता कुठे त्याच्या ध्यानात आलं होतं. “तसा वाईट नाहीये,” तो म्हणाला. “बाकीची अक्षरं सुरेख आहेत.” आणि हे तर आणखीच गळ्याशी आलं.

“मंगळवारपासून माहीत आहे मला,” ताई म्हणाल्या. “तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.”

“मंगळवारपासून?” त्याने मान वर केली आणि पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे पाहिलं. “मग रोज कशाला बोलावलंत?”

उजेड, थकवा, खुर्ची. सगळी कारणं एकेक करून ताईंच्या जिभेवर आली आणि प्रत्येकाची त्यांना लाज वाटली. मग त्यांना हसू फुटलं. आधी दाबून ठेवायचा प्रयत्न केला, पण ते आवरेना, आणि शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. पेंटरही हसायला लागला. आतल्या खोलीत दादाने मशिन बंद केल्याचा आवाज आला.

“आणि तुम्ही का येत होतात?” हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं.

“शिडीवरून दुकानाच्या काचेतून काउंटर दिसायचा,” तो खाली बघत म्हणाला. “चष्मा बसवून देताना प्रत्येकाला तुम्ही एवढं मन लावून बघता. कोण कुठला, काही नाही, सगळ्यांना सारखं. म्हटलं आपल्यालाही एकदा बघावं कोणीतरी तसं. मग एकदाने भागेना. मूर्खपणाच आहे, कबूल करतो.”

“आहेच,” ताई म्हणाल्या. त्यांना फार आनंद झाला होता. हायसं वगैरे नाही, सरळ आनंद, आणि तो कशाकशामुळे झाला हे मोजायची त्यांना इच्छाही झाली नाही.

तो उठला. “येतो मी. पाटीचं काम झालंय. नंबर तर नाहीच.”

“नाही. तरी उद्या या.”

शनिवारी सकाळी दुकान उघडण्याआधी ताईंनी फ्रेमवाल्यांना फोन लावला. नकार कसा द्यायचा ते त्यांनी घोकून ठेवलं होतं, पण पलीकडून “बोला” ऐकल्यावर घोकलेलं सगळं विसरायला झालं आणि त्या नुसतं “माझं नाही जमणार” एवढंच म्हणाल्या.

“असं?” फ्रेमवाले म्हणाले. “घर लांब पडतं का?”

“नाही.”

“माझ्या वयाचं काही?”

“तेही नाही. तुमचा एकही मुद्दा चुकीचा नाही. मी सगळे पुन्हा एकदा तपासून पाहिले.”

“मग कारण काय?”

“कारण नाहीये,” ताई म्हणाल्या. “मनच नाही.”

पलीकडे फ्रेमांचा ट्रे बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

“मग माझा नाइलाज आहे,” फ्रेमवाले म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला होता. “कारण असतं तर मी ते खोडून काढलं असतं. घर लांब म्हणाला असतात तर जवळ घेतलं असतं. याच्यापुढे मी काय बोलणार?” मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, “नव्या फ्रेमा सोमवारी पाठवू ना?”

“पाठवा,” ताई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्यांना त्या माणसाचं वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. आणि तेवढ्याने आनंद काही कमी होईना, याची लाजही वाटली.

“काय म्हणाले?” दादाने आतून विचारलं.

“कारण असतं तर खोडलं असतं म्हणाले, आणि ते अगदी बरोबर आहे,” ताई म्हणाल्या आणि दार उघडायला गेल्या. दुकानाच्या वेळेला अजून अवकाश होता, पण बाहेर पेंटर केव्हाचा येऊन उभा होता.