स्विचची जागा

धाकट्याने स्टीअरिंगखाली आडवं होऊन शेवटच्या वायरवर टेप गुंडाळला आणि तसाच पडल्या पडल्या म्हणाला,

"झालं, दादा. सायरन बॉनेटमध्ये, आणि चोरस्विच ॲश-ट्रेच्या मागे. तो दाबल्याशिवाय किल्ली फिरवली तर गाडी चालू व्हायची नाही. वर बोंब मारेल ती वेगळीच."

"जागा कुणाकुणाला माहीत?" थोरल्या भावाने विचारलं.

"तुला नि मला."

थोरला हसला नाही. गाडी वडिलांची. ते गेल्यावर कागदांवर थोरल्याचं नाव लागलं आणि आईला दर गुरुवारी इंजेक्शनला न्यायचं काम धाकट्याच्या वाट्याला आलं. धाकट्याला त्याचं काही वाटत नसे. दुसरी किल्ली त्याच्या खिशात होती, तेवढं त्याला पुरत होतं.

मग अलार्मची सेटिंग बदलायचा गुप्त कोड टाकायची वेळ आली आणि त्याने सवयीने पाठ फिरवली. पंधरा वर्षं तो गाड्यांना अलार्म बसवत होता. गिऱ्हाईक कोड टाकायला लागलं की भिंतीकडे तोंड करायचं आणि न वळता "झालं का?" विचारायचं, हा त्याच्या दुकानाचा नेम. "बसवणाऱ्याला जितकं कमी ठाऊक तितकं बरं," असंही वर सांगायचं. गिऱ्हाईक खूश. आज सख्ख्या भावापुढे हे नाटक करताना मात्र त्याचं त्यालाच हसू आलं. 'अरे, तू कशाला वळतोस?' असं दादा आता म्हणेल म्हणून तो थांबला. मागे बटणं वाजत होती.

गुरुवारी सकाळी त्याने आईला शेजारच्या सीटवर बसवलं, ॲश-ट्रेमागे बोट घालून स्विच दाबला आणि किल्ली फिरवली. गाडी ढिम्म. पुन्हा फिरवली. तिसऱ्या वेळी सायरन बोंबलायला लागला. समोरच्या बाल्कन्यांत माणसं आली, एकाने तर मोबाइल उगारला. लोकांच्या गाड्या चोरांपासून राखणाऱ्या माणसाला भर दिवसा चोरासारखा घाम फुटला.

किल्लीवरचं बटण दाबून त्याने सायरन गप्प केला आणि वाकून पाहिलं. स्विच जागच्या जागी होता. मागे एकही वायर नव्हती. नुसतं बुजगावणं.

त्याने भावाला फोन लावला.

"अरे हो, सांगायचं राहिलं," थोरला म्हणाला. "दुसऱ्याकडून जागा बदलून घेतली. तूच म्हणतोस ना, बसवणाऱ्याला कमी ठाऊक असलेलं बरं?"

"आता कुठे आहे?"

"फोनवर नको. उद्या मी नेतो आईला."

"इंजेक्शन आजचं आहे, दादा."

"एका दिवसाने काय होतंय?"

फोन बंद झाला. धाकट्याला वाईट वाटलं. पण आईला त्यातलं काही कळायला नको होतं.

"बॅटरी उतरली वाटतं, आई. रिक्षा बघतो."

आई पर्सची कडी उघडत होती, लावत होती.

"थांब," ती म्हणाली. "जागा तुला सांगायची नाही अशी शपथ घातलीय रे त्याने मला. तो गावाला गेला तर घरात एकाला तरी ठाऊक हवं, म्हणाला."

धाकटा तिच्याकडे बघतच राहिला.

"जरा तिकडे बघ, बाळा."

त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. बाल्कनीतली माणसं अजून उभीच होती. पाठीमागे आई कष्टाने वाकली, आणि टक् असा बारीक आवाज झाला. तिच्या सीटखाली, उजवीकडे. हे ओळखायला त्याला बघावं लागत नव्हतं, पंधरा वर्षांचा धंदा होता त्याचा.

"झालं का?" त्याने न वळता विचारलं.

"झालं."

गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.