पुढचा उजवा खांब

लासक्का तहांगवर जळत होता, आणि ते लपवण्याइतका तो हुशार नव्हता. शुक्रवारची दुपारची नमाज आटोपून गावातले सत्तर-ऐंशी पुरुष त्याच्या अंगणात जमले होते. केळीच्या पानात उकडलेलं गोड बारोंगको खाणं चाललं होतं, चहा चालला होता, आणि यजमान मात्र एकाच माणसाकडे डोळे लावून बसला होता. तहांगने सदरा काढून कुंपणावर टाकला होता. पन्नाशी ओलांडलेला बाप्या, विशीतल्या पोरासारखा खांदे गोल गोल फिरवत होता.

आज लासक्काचं घर हलायचं होतं. सरोवराचं पाणी दरवर्षी जिन्यापर्यंत यायला लागलं होतं, म्हणून अठरा खांबांवरचं ते लाकडी घर तीनशे पावलांवरच्या उंचवट्यावर न्यायचं ठरलं. मोडायचं वगैरे काही नाही. कपाटं-भांडी आदल्या दिवशी बाहेर काढायची, खांबांना आडवे बांबू बांधायचे, बांबूखाली खांदे लावायचे आणि हाळीच्या तालावर घर उचलून चालत न्यायचं. या गावात सगळी घरं अशीच हलतात. आज वेगळं एवढंच होतं की पुढच्या उजव्या खांबाला लासक्का नव्हता.

हा खांब म्हणजे चेष्टा नाही. वळताना, चढताना सगळा भार तिथे येतो. बावीस वर्षं ती जागा लासक्काची होती, आणि पोरंसोरंही त्याला ‘उजवा खांब’ म्हणूनच ओळखायची. गेल्या वर्षी मूतखड्याच्या शंकेने तो शहरात सोनोग्राफीला गेला आणि भलतंच निघालं. डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाची होती. पोटातली मोठी रक्तवाहिनी नाभीच्या वर फुगली आहे, म्हणाली. चार पूर्णांक सात सेंटीमीटर. साडेपाचपर्यंत गेली तर ऑपरेशन, तोवर गोळ्या आणि दर सहा महिन्यांनी तपासणी.

“चाला, फिरा, हलकी कामं करा. पण ओझं उचलायचं नाही. श्वास रोखून जोर लावायचा नाही.”

“म्हणजे कधीच नाही?”

“संडासातसुद्धा नाही,” बाई म्हणाली.

सिगारेट सुटली, होडीचं इंजिन उचलणं सुटलं, तांदळाचं पोतं सुटलं. पोती आता त्याची बायको चेन्निंग ओढायची आणि तो बाजूला उभा राहून हात चोळायचा. गावाला त्याने सांगितलं, पाठीत उसण भरलीय. खरं सांगायला जीभ रेटेना. इथे माणसाची सिरी, म्हणजे त्याची अब्रू, जिवापेक्षा मोठी समजतात, आणि आतून फुटायला आलेल्या माणसाला कसली आलीय अब्रू, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. चेन्निंगला त्याने शपथ घातली होती.

“वर्षभर मुक्कामाला राहिलेली उसण मी पहिल्यांदाच बघतोय,” चहाचा पेला रिकामा करत शेजारचा बेद्दू म्हणाला. “तिला आता जेवायला तरी घालता का, दाएंग?”

सगळे हसले. दाएंग म्हणजे थोरला भाऊ, आणि त्या मानाच्या शब्दानेच टोमणा जास्त झोंबला. तहांगही हसला असता तर लासक्काला बरं वाटलं असतं, पण तहांग हसला नाही. तो चेन्निंगकडे बघत होता.

आता तहांगचंही सांगायला हवं. तीस वर्षांपूर्वी त्याच्या घरून चेन्निंगला मागणी आली होती आणि ती परत गेली होती. पुढे त्याने लग्न केलं, पोरं झाली, बायको वारली. या सगळ्यात त्याने चेन्निंगकडे कधी डोळा वर करून पाहिलं नव्हतं, हे लासक्कालाही माहीत होतं. पण माहीत असून काय उपयोग? महिन्यापूर्वी चेन्निंग आपणहून तहांगच्या दारात गेली आणि ‘आमचा उजवा कोपरा तुम्ही धरा’ असं सांगून आली. तिने बेद्दूला का नाही सांगितलं? गावात दुसरे खांदे नव्हते? या प्रश्नाने लासक्काची झोप उडवली होती. झोप उडाली की रक्तदाब चढायचा, आणि रक्तदाब चढला की चेन्निंग वैतागून म्हणायची, “अहो, तुमचा तो फुगा माझ्यामुळे नाही वाढायचा, तुमच्या डोक्यामुळे वाढेल.”

जिना सोडवला गेला. माणसं बांबूंखाली शिरली. गावातले हाळ्या देणारे म्हातारे अंबो तुवो पुढे उभे राहिले.

“एक! दोन! तीन!”

घर उठलं. पत्रे खणखणले, बायका ओरडल्या, आणि आख्खं घर डुलत डुलत निघालं. दीडशे पाय खालून चालताना लासक्काने असंख्य वेळा ऐकले होते, पण बाहेरून पहिल्यांदाच पाहिले. त्याला रडू आलं, ते दुःखाने नाही, मत्सराने आलं. ती कण्हणारी, घामेजलेली, एकमेकांना शिव्या देणारी माणसं त्याला जगातली सगळ्यात सुखी माणसं वाटली.

शंभर पावलांवर पहिला थांबा झाला. चेन्निंग पाण्याची किटली घेऊन धावली आणि सगळ्यात आधी गेली ती पुढच्या उजव्या खांबाकडे. तहांगने ओंजळ धरली, तिने पाणी ओतलं, तो काहीतरी बोलला आणि ती हसली. वर्षभरात ती घरात अशी हसली नव्हती. लासक्काच्या अंगाचा तिळपापड झाला. कानामागून आली आणि तिखट झाली, तो पुटपुटला. माझा खांब, माझं घर, आणि आता काय माझी बायको?

पुढे पाटाचं वळण होतं. तिथे घर अडलं. एकदा उचललं, वीतभर सरकलं, बसलं. दुसऱ्यांदा उचललं, तर उजवा कोपराच चिखलात रुतला. अंबो तुवोंनी तिसऱ्यांदा हात वर केला.

“एक!”

लासक्काने चपला काढल्या.

“दोन!”

तो वाकून बांबूखाली शिरला होता. तहांगच्या शेजारी, स्वतःच्या जुन्या जागी. बांबूचा ओला वास नाकात गेला आणि त्याला वाटलं, मेलो तर मेलो, पण इथे मरेन.

“तीन!”

सगळ्यांनी जोर लावला. तहांगने लावला नाही. त्याने उलट खांदा काढला आणि दोन्ही हातांनी लासक्काची छाती मागे रेटली. घर तिरकं झालं, कुठेतरी फळी तडकली, माणसं बोंबलली आणि अठराच्या अठरा खांब धाडकन खाली आले.

“कोणी सोडलं रे?” अंबो तुवो कडाडले.

“मी सोडलं!” तहांगही तितक्याच मोठ्याने ओरडला. “हा माणूस बाहेर जाईपर्यंत मी खांदा लावणार नाही. बाहेर व्हा, दाएंग.”

“घर माझं आहे.”

“घर तुमचंच आहे. पण तुमचं मरण माझ्या खांद्यावर नको. पोटातली नस फुटली तर इथून दवाखाना किती लांब आहे, ठाऊक आहे ना?”

बेद्दूचं तोंड उघडंच राहिलं.

लासक्काने बायकोकडे पाहिलं. “तू ह्याला सांगितलंस?”

“सांगितलं,” चेन्निंग म्हणाली. तिचा आवाज ठणठणीत होता. “तुम्ही शेवटी त्या खांबाखाली घुसणार हे मला माहीत होतं. तुम्हाला हाताला धरून बाहेर ढकलेल असा या गावात एकच माणूस आहे. बाकीचे सगळे तुम्हाला घाबरतात.”

लासक्का बांबूखालून बाहेर आला. चपला सापडेनात. सगळं गाव त्याच्याकडे कीव येऊन बघत होतं, आणि त्याला बेद्दूचे टोमणे परत हवेसे वाटत होते.

तेवढ्यात अंबो तुवोंनी मान वर करून घराच्या खिडकीकडे पाहिलं. “वर कोण बसलंय?”

माणसं वाकून फळ्यांच्या फटींतून वर डोकवायला लागली.

“अरे, नाभीच्या खांबाशी कोण बसलंय? घर रिकामं उचललंत की काय?”

रिकामं घर उचलायचं नाही, ही इथली रीत. आत जीव नसताना उचलतात ते प्रेत. घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाने मधल्या खांबाशी, ज्याला घराची नाभी म्हणतात तिथे, तांदळाचं मडकं मांडीवर घेऊन बसायचं. लासक्काच्या घरात ती जागा त्याच्या आईची होती, आणि आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. उजव्या खांबाच्या नादात यजमान नाभीच विसरला होता.

“मडकं ठेवलंय,” चेन्निंग खालच्या आवाजात म्हणाली. “बसायचं ह्यांना सांगणार होते. महिनाभर तोंड उघडायला बघतेय. धीर झाला नाही.”

लासक्काला आधी कळलंच नाही. घरातला सगळ्यात थोरला कोण? मग कळलं, आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हातारीसारखं मडकं घेऊन बसायचं? तेही तहांगच्या खांद्यावर?

जिना आणून लावला गेला. सगळे वाट बघत होते. सूर्य सरोवरावर कलला होता. तहांगने जिना दोन्ही हातांनी घट्ट धरला, आणि लासक्का त्याच्याकडे न बघता एकेक पायरी श्वास सोडत चढला.

आत घर भकास रिकामं होतं. मधल्या खांबाला आईने बांधलेलं पांढरं फडकं अजून होतं. तो मांडी घालून बसला, मडकं मांडीवर घेतलं. फळ्यांच्या फटीतून खालची माणसं दिसत होती. पुढे उजवीकडे तहांगचं टक्कल पडलेलं डोकं, ताठ झालेली मान.

“एक! दोन! तीन!”

घर उठलं, आणि त्याचं ब्याऐंशी किलोंचं धूडही त्याबरोबर उठलं. तहांगच्या मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या त्याला वरून दिसल्या, आणि त्याच्या मनात एक हलकट आनंद झाला. घे, म्हणाला तो मनात. उचल. माझ्यासकट उचल.

पण तो आनंद दहा पावलंही टिकला नाही. तहांगच्या खांद्यावरून घामाचा ओघळ उतरत होता, आणि लासक्काला त्या घामाचा इतका हेवा वाटला की त्याने मडकं छातीशी आवळलं. त्याच वेळी दुसऱ्या फटीत त्याला चेन्निंग दिसली. ती घराखालून, माणसांच्या मधून, वाकून चालत होती. बायकांनी घराखाली यायचं नसतं. तहांग तिच्यापासून हातभर अंतरावर होता, पण तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मान मोडेस्तोवर वर, फळ्यांकडे बघत होती, एकेक फट शोधत होती.

“अहो!” ती ओरडली. “श्वास रोखलाय ना तुम्ही? सोडा आधी!”

लासक्काने खरंच रोखला होता. घर उठल्यापासून, खालच्या सगळ्यांच्या बरोबरीने.

त्याने तो सोडला.