गुळाचं गलबत

बायको गेल्यापासून इमाम मुलाणीच्या साताऱ्यातल्या घरात दोनच आवाज उरले होते, नळाचा आणि फोनचा. कॉलेजात जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला हा माणूस आता न्हाणीघरात टबाशी बसून हातभर लांबीचं लाकडी गलबत बुडवत असे. शेजारी म्हणत, सरांचं डोकं फिरलं. म्हणोत बापडे.

मूळचं गलबत कोकणातल्या बंदराबाहेर, किनारा अगदी जवळ असताना उलटलं होतं आणि त्यात इमामचे आजोबा गेले. कवठे महांकाळचा माणूस, दुष्काळानं खलाशी झालेला. तोवर विहिरीपलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. पण वाचलेल्यांनी घरी येऊन सांगितलं, सगळ्यांनी हात टेकले तरी हा एकटा आत शिरणारं पाणी उपसायला शेवटपर्यंत हातपंप मारत राहिला.

थोरली बहीण दिलशाद गावाकडं त्या एका गोष्टीवर दिवस काढत होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. दर वर्षी ती आजोबांच्या नावानं फातेहा द्यायची आणि चपाती गुळात कुस्करून केलेला मलिदा गल्लीभर वाटताना तीच गोष्ट सांगायची. गलबत उलटलं कशानं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. यंदाच्या फातेह्याआधी शोधून देतो, असं इमामनं तिला कबूल केलं होतं.

माल म्हणून तो टबातल्या गलबतात गोटे भरायचा. भोक पाडलं की ते सरळ खाली बसायचं, उलटायचं नावच नाही. मग दिलशादनं धाडलेली गुळाची ढेप आली आणि त्यानं कपाळावर हात मारला. त्या गलबतात तळाला सांगलीचा गूळ होता आणि वर लाकडं, हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. पठ्ठ्यानं वजन तेवढं बरोबर धरलं, विरघळणं विसरला.

आता त्यानं तळाला गूळ भरला, वर लाकडं रचली. पाणी शिरलं, गूळ विरघळला, गलबत सावकाश बसू लागलं, पण सरळच. दुसऱ्या खेपेला त्यानं नळीनं आतलं पाणी उपसलं. पाण्याबरोबर गूळही बाहेर गेला. तळ हलका झाला, डोकं जड राहिलं आणि गलबत एकाएकी पालथं पडलं. त्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

पंप थांबला असता, तर ते उथळ पाण्यात टेकलं असतं. माणसं वाचली असती.

तेवढ्यात दिलशादचा फोन आला.

"घावलं का रं?"

"व्हय, आपा. गूळ विरघळला, त्यानं तोल गेला."

"आन् आजा पंप मारत व्हता, म्हनून तरी तेवढा येळ तगलं. व्हय न्हवं?"

पेपरात अर्धा मार्कही कधी फुकट न दिलेल्या माणसानं टबातलं पालथं गलबत सरळ केलं.

"व्हय. त्येंच्यामुळंच."

"मी म्हनतच व्हते. आता सांगते समद्यास्नी, माझ्या भावानं शोधून काढलंय." ती समाधानानं हसली.

इमामनं टबातलं गोड पाणी मोरीत ओतून दिलं. बायको गेली तेव्हाही त्याला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान बहिणीशी बोलता आलं होतं.