मुकादमाचा फोटो

“अहो, भिंत अशी कलंडल्यासारखी का दिसतेय?”

बायकोने व्हिडिओ कॉलवर विचारलं आणि फोटोवाल्याच्या कपाळावर घाम आला. भिंत सरळच होती. कपाट सरळ होतं, खिडकीही सरळ होती. तिरका होता तो फोन, आणि तो त्याने मुद्दाम तिरका धरला होता. तसा धरला की टॉवेलच्या वळकट्यांमध्ये टेकून बसलेल्या सशाची वाकडी मान बरीचशी सरळ दिसायची.

“हात अवघडलाय माझा,” तो म्हणाला. “सकाळपासून कॅमेरा धरून धरून.”

“मग दुसऱ्या हाताने धरा. आणि मुकादम हलत का नाहीये?”

“आत्ताच जेवलाय. सुस्तावलाय जरा.”

“हा? सुस्तावलाय? या वेळेला तर घरभर तपासणी चाललेली असते त्याची.”

“तू नाहीस ना इथे. कुणाच्या कामात चुका काढणार बिचारा?”

ती हसली. नेहमीसारखी हाताने तोंड झाकून. फोटोवाल्याने तेवढ्यात “गिऱ्हाईक आलंय गं” म्हणून फोन बंद केला. दुकानात चिटपाखरूही नव्हतं.

सशाचं नाव लेकीने ठेवलं होतं. रोज सकाळी हा पांढरा गोळा सगळ्या खोल्यांतून फिरायचा, कोपरा न् कोपरा हुंगायचा आणि काही मनाविरुद्ध दिसलं की मागचा पाय जमिनीवर आपटायचा. एका डोळ्याभोवती तपकिरी डाग होता, कामगारांनीच एकदा वैतागून ठोसा मारल्यासारखा. म्हणून मुकादम. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी गेली तेव्हा निघताना तिने नवऱ्याला काही सांगितलं नाही, पण सशाला दारापर्यंत कडेवर घेऊन काय काय सांगत होती. “मी पण इथेच राहणार आहे म्हटलं,” असा टोमणा त्याने मारलाही होता.

आणि मग एका सकाळी मुकादम मान एका बाजूला टाकून उभा दिसला. फोटोवाल्याला हसू आलं. तो त्याला उचलून पुढे दुकानात घेऊन गेला. घर मागे आणि दुकान पुढे, मध्ये एक पडदा. आल्यागेल्याला तो सांगू लागला, “आमच्या मुकादमांना कमी ऐकू यायला लागलंय. तुम्ही काय म्हणालात, परत सांगा.” लोक हसले. कुणी आपल्या फोनमध्ये फोटो काढून नेले. दोन-तीन दिवस दुकानात ही करमणूक चालली. खाणं कमी झालं होतं, चालताना तोल जात होता. ते त्याला दिसत होतं, पण त्याने हसण्यावारी नेलं.

त्याच सुमारास बायकोने सशाचा फोटो मागितला. फोटो म्हटल्यावर फोटोवाल्याचे हात आपोआप चालतात. त्याने मुकादमाला स्टुलावर बसवलं, दिवे लावले आणि मागे पांढरा पडदा सोडला. उभा जन्म तो समोरच्याला एकच गोष्ट सांगत आला होता: मान सरळ, हनुवटी किंचित खाली, हलू नका. सांगून जमलं नाही तर तो पुढे व्हायचा आणि हनुवटीखाली दोन बोटं लावून मान हलकेच वळवायचा. तान्ह्या पोरांपासून काठी टेकत येणाऱ्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या माना त्या दोन बोटांनी सरळ झाल्या होत्या. त्याने तीच बोटं सशाच्या हनुवटीखाली लावली.

मुकादम गरगरा फिरला. स्टुलावरून खाली पडला आणि पडल्यावरही थांबला नाही, फरशीवर लोळत लोळत दिव्याच्या स्टँडवर जाऊन आदळला. फोटोवाल्याने त्याला छातीशी धरलं तेव्हा त्या एवढ्याशा जिवाचं काळीज त्याच्या तळहातावर धडधडत होतं. बिनडागाच्या डोळ्यावर ओरखडा उठला होता.

जनावरांची डॉक्टर त्याच्या लेकीच्या वयाची होती.

“कधीपासून आहे हे, काका?”

“कालपासून,” तो म्हणाला.

“आणि डोळ्याला काय लागलं?”

“पडला वाटतं. मी बाहेर होतो.”

तिने कानात उजेड टाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “आतल्या कानात बिघाड आहे. याला जमीनच तिरकी वाटतेय. मान अशी टाकली की त्याला जग जरा थाऱ्यावर आल्यासारखं वाटतं. आपण हाताने मान सरळ केली, की त्याच्या पायाखालची जमीन उलटते आणि तो गडगडतो. तसं काही केलं नव्हतंत ना?”

“छे, छे.”

“बरं केलंत. लोक करतात हो. मायेनेच करतात.” ती औषधं काढू लागली. “मान वाकडी झाली की त्याच दिवशी आणायचं असतं, तुम्ही लगेच आणलंत. तरी पण थोडी वाकडी राहीलच असं वाटतंय मला. राहिली तर राहू दे. सशाला त्याचं काही नसतं.”

नाकासमोर चालणारा माणूस अशी त्याची ख्याती होती, आणि त्याने एका बैठकीत तीनदा खोटं बोलून वर शाबासकी घेतली होती. घरी जाताना टोपलीतला ससा त्याच्याकडे पाहत होता. मान तशी असल्यामुळे तो खालून वर, जाब विचारल्यासारखं पाहतोय असं वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! फोटोवाल्याने टोपलीवर रुमाल टाकला.

त्यानंतर मात्र त्याने कुचराई केली नाही. फरशीवर घसरू नये म्हणून फोटोसाठी मागे टांगायचा जाड निळा पडदा खाली अंथरला. टॉवेलच्या वळकट्या करून सशाच्या दोन्ही बाजूंना लावल्या. डोळ्यात मलम, पोटात औषध, आणि भिजवून कालवलेला खाऊ बिनसुईच्या सिरिंजने. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं असायचं. कुणी बाहेरून हाक मारली की तो आतूनच “नंतर या” म्हणायचा. या माणसाने दारातून गिऱ्हाईक कधी परत पाठवलं नव्हतं.

सशाला भरवणं म्हणजे सत्त्वपरीक्षा होती. घाई केली की ठसका लागायचा. आणि सावकाश भरवलं तरी अर्धा खाऊ खालच्या बाजूच्या ओठातून ओघळायचा, मानेवरच्या केसांत चिकटायचा. फोटोवाला कॅमेऱ्याचं भिंग पुसायचं मऊ कापड घेऊन तो ओघळ पुसत बसायचा. “पडू दे रे, परत देतो,” असं म्हणायचा. एकदा असं म्हणता म्हणता त्याचा हात थांबला.

बायकोच्या चेहऱ्याला लकवा झाला होता ते दिवस त्याला आठवले. चेहरा पुढे बराचसा सावरला, ओठाचा एक कोपरा मात्र खाली ओढलेलाच राहिला. त्या दिवसांत तिच्या तोंडातून चहा ओघळायचा, आणि समोर बसलेला तो वर्तमानपत्र उंच धरायचा. तिला अवघडायला नको म्हणून, असं तो स्वतःला सांगायचा. खरं म्हणजे त्यालाच बघवत नव्हतं. एकदाही उठून त्याने तिची हनुवटी पुसली नव्हती.

त्याआधी दुकानाच्या गल्ल्यावर तीच बसायची. रडक्या पोरांना हसवायची, पोरींचे केस नीट करायची, लोकांशी इतकं बोलायची की फोटो काढून झाला तरी माणसं उठायची नाहीत. मग एकदा एका गिऱ्हाइकाने तिच्या देखतच विचारलं, “यांच्या तोंडाला काय झालं हो?” त्याच दिवशी तो तिला म्हणाला, “आता तू आराम कर. आत बस जरा.” ती आत बसली. कुणी तिला पुन्हा बाहेर बोलावलं नाही. तिला आत करमेना, म्हणून लेकीने ससा आणून दिला.

सशाचं तोंड पुसायला ज्या हातांना जमलं, त्या हातांना तेव्हा काय झालं होतं? फोटोवाल्याला लाज वाटली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर तेव्हाच बायकोला फोन करून सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण लेकीचे दिवस भरत आले होते. उगीच तिकडे घोर कशाला लावायचा, हे कारण तयारच होतं. ते खोटं नव्हतं, पुरतं खरंही नव्हतं. सांगितलं असतं तर बायकोने पहिला प्रश्न विचारला असता, डोळ्याला कसं लागलं?

शेवटी तीच म्हणाली, “रोज काय त्या कलंडलेल्या भिंती दाखवता? एक नीट फोटो काढून पाठवा त्याचा. लेकीला पण बघायचाय.”

त्याने टॉवेलांच्या मध्येच मुकादमाचा फोटो काढला, हात न लावता. मग कॉम्प्युटरवर बसून आधी मान फिरवून सरळ केली. पण लोंबलेला कान, कललेलं तोंड आणि ओरखडा उठलेला डोळा एका बाजूला तसाच राहिला. मग त्याने चेहऱ्याची चांगली बाजू घेतली, उलटी केली आणि वाईट बाजूवर बसवली. हे काम त्याला नवीन नव्हतं. लेकीच्या लग्नातल्या घरच्या सगळ्यांच्या फोटोत त्याने बायकोचा चेहरा असाच सरळ केला होता. तो फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावला होता आणि येणारा-जाणारा म्हणायचा, वा, वहिनी काय छान आल्यात! बायकोनेही तो बराच वेळ पाहिला होता आणि “छान आहे” म्हणून आत निघून गेली होती.

मुकादम फक्कड जमला. ताठ मान, दोन्ही कान उभे. कितीतरी दिवसांनी फोटोवाल्याला आपल्या हातावर खूष व्हावंसं वाटलं. त्याने फोटो पाठवला आणि खाऊ कालवायला घेतला.

फोन लगेच वाजला. बायकोचा चेहरा दिसला. ती हसत नव्हती.

“मिळाला का फोटो?” त्याने विचारलं. “लेकीला दाखवलास?”

“ती झोपलीय.” तिने फोन चेहऱ्याजवळ आणला. “त्याच्या दोन्ही डोळ्यांभोवती डाग आलाय.”

फोटोवाल्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. पडद्यावर चष्मा लावल्यासारखा एक भलताच ससा ऐटीत बसला होता. काहीतरी सारवासारव करायला त्याने तोंड उघडलं.

“माझ्या वेळी तीळ दोन्ही गालांवर आला होता,” ती म्हणाली.

तो फोन हातात घेऊनच बैठकीच्या खोलीत गेला. लग्नाच्या फोटोसमोर उभा राहिला, मग आणखी जवळ गेला. ओठाच्या वर, या गालावर तीळ होता. त्या गालावरही होता, तसाच, तेवढ्याच अंतरावर. इतकी वर्षं त्या फोटोखालून त्याची ये-जा होती.

“तेव्हा बोलली का नाहीस?” त्याने विचारलं.

“काय बोलणार? तुम्ही इतक्या हौसेने लावला होतात. सगळे छान छान म्हणत होते. म्हटलं, चालू दे.” तिने हात तोंडावर नेला नव्हता. ओढलेला ओठ तसाच दिसत होता. “आता खरं सांगा. काय झालंय मुकादमाला?”

त्याने सांगितलं. दुकानातली थट्टा, लोकांनी काढलेले फोटो, घालवलेले दिवस. स्टूल सांगताना तो अडखळला, पण तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंना मारलेल्या थापाही सांगितल्या.

“दाखवा मला,” ती म्हणाली. “फोन सरळ धरून.”

तो सशापाशी परत आला आणि त्याने फोन सरळ धरला. भिंत सरळ दिसली, कपाट, खिडकी सगळं सरळ, आणि मधोमध मान टाकलेला मुकादम. तिने तोंडाने चुचकारल्याबरोबर त्याचा उभा कान आवाजाकडे वळला. त्याने उठायचा प्रयत्न केला, कलंडला, टॉवेलला टेकला.

“खातो का?”

“खातो. मी भरवतो. पहिल्यापेक्षा बरंच खातो आता.”

“आणि डोळा?”

“भरून येतोय, म्हणाल्या. मान मात्र थोडी राहील म्हणाल्या.”

“राहू दे की,” ती म्हणाली. आणि मग, अजिबात आवाज न चढवता, “आम्ही वाकडे दिसलो तर तुमचं काय जातं हो?”

काहीच जात नव्हतं त्याचं, कधीच गेलं नव्हतं. त्याला हे तिला सांगायचं होतं, पण तो टॉवेलची वळकटी नीट करत राहिला.

“फोन फिरवा तुमच्याकडे,” ती म्हणाली. “तुम्ही दिसत नाही.”

फोन स्वतःकडे वळवायचा त्याला धीर झाला नाही. त्याने तो हळूच जमिनीवर, निळ्या पडद्यावर उताणा ठेवला.

“मला नुसता पंखा दिसतोय.”

“हो,” तो म्हणाला.

“बरं, असू दे. बंद करू नका. त्याची खायची वेळ झालीय ना? भरवा. मी ऐकते.”

फोटोवाला मांडी घालून बसला. त्याने सिरिंज भरली, मुकादमाची मान जशी होती तशीच राहू दिली आणि स्वतः खाली वाकून त्याच्या तोंडाशी खाऊ धरला. ससा चावू लागला. दातांचा बारीक आवाज खोलीत येत राहिला, आणि दोघंही तो ऐकत राहिली.